टेराफ्लॉपचं भांडण आणि काकांचे पैसे

«दादा,
मी २५ वर्षांचा, मूळचा कराडचा, सध्या पुण्यात नोकरीला. मागच्या वर्षी पहिल्या बोनसमधून मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस हा गेम कन्सोल घेतला. माझ्या चुलतभावाकडे सोनीचा पीएस५ आहे. आम्ही एकाच वयाचे, एकाच घरात वाढलो. भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा महिने आमची जुंपलेली होती. तो म्हणायचा, माझे दहा पॉइंट अठ्ठावीस टेराफ्लॉप कुठं आणि तुझे चार कुठं! (टेराफ्लॉप म्हणजे मशिनच्या ताकदीचा आकडा.) मी त्याला माझ्या मशिनच्या थोरल्या भावाचे, सिरीज एक्सचे, बारा दाखवले. ग्राफिक्स, फ्रेम रेट, कंट्रोलर, एक्सक्लुझिव्ह गेम्स, सगळ्यावर वाद झाले. एकदा रागात मी लिहिलं, 'तुझा पीएस५ काकांच्या पैशाचा, माझा एक्सबॉक्स माझ्या पगाराचा.' तेव्हापासून तो ग्रुपवर गप्प आहे (एमपीएससी करतोय, तिसरी वेळ). गणपतीत घरी गेलो तर आरतीला शेजारी उभा राहिला, पण बोलला नाही. पूर्वी आम्ही रात्र रात्र फुटबॉल खेळायचो. प्रश्न असा की, सिरीज एस विकून ईएमआयवर पीएस५ घेऊ का? माझ्या खोलीत टीव्ही ३२ इंचीच आहे. आणि घ्यायचा नसेल, तर त्याचं तोंड कायमचं बंद होईल असे मुद्दे द्या.
एक वाचक, पुणे»

मित्रा,

त्याचं तोंड बंद करायला मुद्दे मागतोयस, पण ते तर गणपतीच्या आधीपासूनच बंद आहे. कशानं झालं तेही तूच लिहिलंयस. त्याकडे येतो. आधी मशिनचं उरकू. एक तर तुझे पैसे जायची वेळ आलीये, आणि खरं सांगायचं तर ही चर्चा मलाही मनापासून आवडते.

विकू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य टीव्हीचं आहे आणि ते तू जाता जाता टाकलंयस. आपल्याकडचे ३२ इंची टीव्ही बहुतेक 'एचडी रेडी' असतात, म्हणजे पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, साधारण साडेदहा लाख ठिपके. ज्या फोर के चित्रावरून तुम्ही दोघं भांडताय, त्यात ८३ लाख ठिपके असतात. तुझ्या खोलीत पीएस५ आणून जोडणं म्हणजे घागरभर पाणी फुलपात्रात ओतणं. टीव्हीच्या मागचा स्टिकर एकदा वाच. पन्नास हजारांच्या वरचा हप्ता बांधून घेण्याआधी एवढं तरी करच. खाज सुटलीच असेल तर आधी टीव्ही बदल. सिरीज एस त्यावर आजच्यापेक्षा बरा दिसेल, आणि पुढं कधी दुसरं मशिन घेतलंस तर तोच टीव्ही त्यालाही उपयोगी पडेल.

आता तुझ्या भावाची बाजू. या विषयात तो अगदीच हवेत बोलत नव्हता. सिरीज एस कमी पडतो, हे खरं आहे. फक्त तो टेराफ्लॉपवर बोट ठेवतोय, आणि दुखतंय दुसरीकडे. टेराफ्लॉप म्हणजे ग्राफिक्स चिप सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी करू शकते त्याचं माप, तेही कागदावरचं. सिरीज एसची खरी अडचण मेमरीत आहे. पीएस५ आणि सिरीज एक्स दोन्हीकडे १६ जीबी, तुझ्याकडे १०. टीव्ही लहान आहे म्हणून ठिपके कमी करता येतात, पण खेळातलं जग, त्यातली माणसं, त्यांचं चालणंबोलणं, हे सगळं मेमरीत मावावंच लागतं. बाल्डर्स गेट ३ हा खेळ पीएस५वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला. एका टीव्हीवर दोघांनी पडदा वाटून खेळायची सोय सिरीज एसवर जमेना, म्हणून घोडं अडलं होतं. शेवटी ती सोय तुझ्या मशिनवरून वगळूनच खेळ आला. हा मुद्दा तुझ्या भावानं काढला असता तर तुझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तो आकड्यावर आला, आणि मग तूही आकडाच उचललास. तोही कुठला, तर बारा! बारा टेराफ्लॉपचं मशिन तुझ्या घरात नाहीच. शेजाऱ्याच्या बैलजोडीवर आपण शर्यत लावावी, तसं झालं हे.

आणि तो बारा विरुद्ध दहाही वाटतो तितका सरळ नाही. सिरीज एक्सच्या चिपमध्ये ५२ कॉम्प्युट युनिट्स, म्हणजे आकडेमोड करणारे विभाग, आहेत आणि ती १.८२५ गिगाहर्ट्झनं चालतात. पीएस५मध्ये ३६, पण ती २.२३पर्यंत पळतात. एकाकडे गडी जास्त, दुसऱ्याकडे गडी कमी पण हात चलाख. गुणाकार केला की एकाचे बारा येतात, दुसऱ्याचे दहा. पण कापणीच्या वेळी कुठलं शेत आधी उरकेल ते पिकावर ठरतं. २०२० च्या नोव्हेंबरात दोन्ही मशिनं बाजारात आली, तेव्हा दोन्हीकडे निघालेले काही मोठे खेळ दहावाल्यावरच जास्त सुरळीत चालत होते. बारावाले बरेच दिवस अवघडल्यासारखे होते.

आकड्यांवर माझा विश्वास लहानपणीच उडाला. मिरजेत आमच्याकडे टीव्ही गेम होता. जपानी मशिनची स्वस्त नक्कल, तेव्हा गल्लीगल्लीत असायची तशी. माझ्याकडे '६४ इन १' कॅसेट. (त्याला कार्ट्रिज म्हणतात हे फार पुढं कळलं. आमच्यासाठी ती कॅसेटच. चालली नाही की फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची.) समोरच्या घरातल्या पोरानं मे महिन्यात '९९९९९९ इन १' आणली. मी दोन दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. मग त्याच्याकडे बसून मोजलं. खेळ सगळे मिळून दहाबारा. तोच मारिओ पहिल्या पातळीपासून, तोच मारिओ तिसऱ्यापासून, तोच मारिओ वेगळ्या नावानं. नऊ लाखांचा आकडा फक्त यादीत होता. तरीही गल्लीत मान त्याचाच, कारण कॅसेटच्या लेबलावर आकडा मोठा.

अमेरिकेत आणि जपानात हेच जरा जास्त ऐटीत चाललं होतं, एवढाच फरक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंटेलिव्हिजन या टीव्ही गेमवाल्यांनी जॉर्ज प्लिम्प्टन या नावाजलेल्या लेखकाला जाहिरातीत उभं केलं. दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवायचे, एकावर अटारी, एकावर इंटेलिव्हिजन, आणि बघा म्हणायचं, आमचं बेसबॉल कसं खऱ्यासारखं दिसतं. तुम्ही ग्रुपवर दोन स्क्रीनशॉट शेजारी लावून लाल गोल काढता ना, त्याचा आजा तो. चित्र इंटेलिव्हिजनचं खरंच सरस होतं. खपला मात्र अटारीच, कितीतरी पटीनं.

मग बिट आले, म्हणजे चिप एका दमात केवढा आकडा हाताळते त्याचं माप. १९८८ मध्ये जपानात सेगाचा मेगा ड्राइव्ह निघाला तो अंगावर सोनेरी अक्षरात '१६-बिट' मिरवत. प्रतिस्पर्धी टर्बोग्राफ्क्सनं तर १६ हा आकडा नावातच घेतला, आत मुख्य प्रोसेसर आठ बिटांचा असताना! ग्राफिक्सची चिप सोळा बिटांची होती, म्हणून अगदी खोटंही म्हणता येईना. अमेरिकेत मेगा ड्राइव्हचं नाव जेनेसिस झालं आणि घोषवाक्य आलं, 'जेनेसिस डझ व्हॉट निन्टेन्डोन्ट', म्हणजे निन्टेन्डो या दुसऱ्या कंपनीला जमत नाही ते जेनेसिस करतो. शाळेच्या मैदानावर पोरांनी एकमेकांना ऐकवायला तयार वाक्य कंपनीनंच पुरवलं. पुढं 'ब्लास्ट प्रोसेसिंग' नावाचा शब्द काढला. म्हणे आमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. जेनेसिसचा प्रोसेसर ७.६ मेगाहर्ट्झचा आणि सुपर निन्टेन्डोचा ३.५८ चा, हा फरक खरा. पण दोन्ही चिप वेगळ्या घराण्यातल्या, नुसत्या मेगाहर्ट्झवरून त्यांची बरोबरी लागत नाही. रंगांच्या बाबतीत तर उलटं होतं. निन्टेन्डो एका वेळी २५६ रंग दाखवायचा, जेनेसिस ६४च्या आतबाहेर. म्हणजे दोन्हीकडच्या पोरांकडे आपापला खरा मुद्दा होता. पण ओरडताना ती जाहिरातीतले शब्द ओरडत होती.

या सगळ्यात माझा लाडका नमुना अटारी जॅग्वार. १९९३. '६४-बिट', आणि जाहिरातीत ग्राहकाला सांगणं, 'डू द मॅथ', करा गणित! आतल्या दोन मुख्य चिपांची नावं टॉम आणि जेरी. तिसरी चिप मोटोरोला ६८०००, म्हणजे सोळा बिटांच्या जेनेसिसमध्ये होती तीच. कंट्रोलरवर जुन्या टेलिफोनसारखी बारा बटणांची फळी. अडीच लाखही खपले नाहीत. गणित लोकांनी केलं, फक्त कंपनीला हवं तसं केलं नाही.

याच्या उलट गुनपेई योकोई या निन्टेन्डोच्या माणसाचं डोकं बघ. आज बहुतेक कंट्रोलरवर असतं ते अधिक चिन्हासारखं दिशेचं बटण त्यानंच १९८२ च्या छोट्या डाँकी काँग यंत्रासाठी केलं. त्याचं धोरण असं की नवंकोरं, महागडं तंत्रज्ञान घ्यायचंच नाही. मुरलेलं, स्वस्त झालेलं घ्यायचं आणि त्याचा वेगळा उपयोग शोधायचा. १९८९ चा, हातात धरून खेळायचा गेम बॉय तसा होता. रंग नाहीत, हिरवट पडदा, मागून उजेड नाही, रात्री पांघरुणात खेळायची सोय नाही. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला, रंगीत, झगमगीत. त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलांवर तीसएक तास चालायचा. सेलचे पैसे खिशातून घालणाऱ्या बापाला कुठलं ग्राफिक्स आवडणार? गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटींवर गेले, गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

एवढा पाल्हाळ कशासाठी लावला, तर तुम्ही दोघं इतक्या पोटतिडकीनं भांडता का, ते मला यातून जरा समजतं. १९९१ साली अमेरिकेतल्या पोराला नाताळात एकच मशिन मिळायचं. दुसरं चार-पाच वर्षांनी. तुझंही तसंच, त्याचंही तसंच. एकदाच पैसे गेलेत, ते चुकीच्या जागी गेले असं कुणी म्हटलं की माणूस कंपनीचा वकील होतो, तेही फी न घेता. दोन्ही मशिनं घरात असणारे लोक मला माहीत आहेत. ते या वादात पडतच नाहीत, हा अर्थात त्यांचा मोठेपणा नव्हे.

भांडायचंच तर कंट्रोलरवर भांडा. त्यात दम आहे, कारण तिथं आपल्या हाताला कळतं. पहिल्या एक्सबॉक्सचा २००१ सालचा कंट्रोलर एवढा अगडबंब होता की जपानसाठी लहान करावा लागला, आणि तो लहानच मग सगळीकडे नेहमीचा झाला. एक्सबॉक्सच्या अंगठ्यानं फिरवायच्या दोन स्टिका वरखाली, सोनीच्या शेजारी शेजारी. सोनीच्या का? १९९४ च्या मूळ कंट्रोलरवर स्टिका नव्हत्याच. १९९७ मध्ये आल्या तेव्हा वरची मोक्याची जागा दिशेच्या बटणांनी धरलेली होती, मग खाली उरली तिथं बसवल्या. आणि आज लोक त्याला संस्कृती म्हणून कवटाळतात! मला स्वतःला वरखाली स्टिका सोयीच्या वाटतात. दोन पेन्सिल सेल घालायची तुझ्या कंट्रोलरची पद्धतही मला पसंत आहे. मित्र हसतात. पण माझ्याकडे आतल्या बॅटरीचे दोन कंट्रोलर कपाटात मरून पडलेत आणि सेलवाला अजून चालतोय. पीएस५च्या कंट्रोलरचं ट्रिगर मात्र हातात घेऊन बघण्यासारखं आहे. खेळात धनुष्याची दोरी ताणली की ते खरोखर जड होतं. हे टेराफ्लॉपच्या तक्त्यात कुठंच दिसत नाही.

आणखी एक, आपल्या खिशाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं. तुझ्या सिरीज एसला डिस्क घालायची फटच नाही. भावाचा पीएस५ डिस्कवाला असेल तर तो जुनी डिस्क घेऊ शकतो, खेळून विकू शकतो, मित्राशी अदलाबदल करू शकतो. तुला दुकानदार एकच, कंपनीचं ऑनलाइन दुकान, किंवा मग महिन्याची वर्गणी, जिचे दर वेळोवेळी चढलेत. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वननं जुन्या डिस्कवर बंधनं घालायचं ठरवलं, तेव्हा सोनीनं अर्ध्या मिनिटाहून छोटा व्हिडिओ काढला होता, 'मित्राला गेम कसा द्यायचा'. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्कची डबी देतो, तो थँक्स म्हणतो, संपलं. दहा दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टनं माघार घेतली. जाहिरात असावी तर अशी. कधीकाळी दुसरं मशिन घेतलंसच, तर ते या कारणासाठी घे, फट बघून घे. ग्रुपवर फोटो टाकायला नको.

आता ते वाक्य.

तुझ्या पत्रात टेराफ्लॉप, फ्रेम रेट, कंट्रोलर सगळं सविस्तर आहे, आणि भावाची एमपीएससी कंसात आहे. तिसरी वेळ, कंसात. तुला वाटतंय वाद मशिनवरून झाला. सहा महिने मशिनवरून चाललाच होता आणि तो मजेत उत्तरं देत होता. चार टेराफ्लॉप म्हणून तुला चिडवत होता, म्हणजे बोलत होता! तो गप्प झाला ते 'काकांच्या पैशाचा' या शब्दांवर, तेही सगळ्या भावंडांसमोर. पंचविसाव्या वर्षी घरी बसून अभ्यास करणाऱ्या माणसाला हे वाक्य नवं नसतं. लग्नकार्यात, किराणा दुकानात, आणि रात्री स्वतःच्याच डोक्यात तो ते ऐकत असतो. एका ग्रुपवर त्याला ते ऐकू येत नव्हतं, तिथं तो नुसता पीएस५वाला होता. ती जागा तू काढून घेतलीस. वाक्य खरं होतं असं मनात म्हणत असशील, तर असेलही खरं. म्हणून तर लागलं.

तू पीएस५ घेतलास तर काय होईल याचा विचार केलायस का? तो तुझ्या पगाराचा असेल. म्हणजे जे वाक्य लिहिलंस तेच तू पन्नास हजार घालून पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरात लिहिशील. त्याच्याकडे जे काकांनी घेऊन दिलंय, तेच मी माझ्या हिमतीवर घेतलं, असं.

त्यामुळे फोन कर. ग्रुपवर माफी मागायची की नाही ते नंतर बघ. मला विचारशील तर तिथंही माग, कारण बोललास तिथं सगळे होते. पण आधी फोन. आणि लांबण लावू नकोस. 'ते पैशाचं बोललो ते चुकलं माझं' एवढं वाक्य पुरे. 'पण तू पण मला...' हे जोडायचं नाही. तो 'जाऊ दे रे' म्हणेल, म्हणजे गेलेलं नसेल, तरी त्या दिवशी तिथंच थांब. अभ्यास कसा चाललाय हे तर चुकूनही विचारू नकोस, ते विचारायला गाव आहे.

मग आठवड्याभरानं फुटबॉलचा विषय काढ. तुम्ही जो फुटबॉलचा खेळ खेळायचात त्यात फिफा २३ पासून पीएस५ आणि सिरीज एसवाले एकमेकांविरुद्ध ऑनलाइन खेळू शकतात. तू पुण्यात, तो कराडात, दोन वेगळ्या मशिनांवर, एकाच मैदानात. ही सोयही कंपन्यांनी राजीखुशीनं दिलेली नाही हं. सोनीनं दुसऱ्या कन्सोलांसाठी दार लावूनच घेतलं होतं. फोर्टनाइट खेळणाऱ्यांनी बोंबाबोंब केली तेव्हा २०१८ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा उघडलं. दोघांनी सेटिंगमध्ये क्रॉस-प्ले चालू आहे ना ते बघा. वेळ त्याला ठरवू दे, अभ्यासाच्या तासांचं तुझ्यापेक्षा त्याला कळतं. आणि पहिला सामना जिंकलास तर फ्रेम रेटचा विषय काढू नकोस. हरलास तर खुशाल काढ, चार टेराफ्लॉपवर ढकल, त्याला बरं वाटेल.

दिवाळीत घरी जाशीलच. तेव्हा रात्री त्याच्या खोलीत जाऊन बस आणि ते ट्रिगर हातात घेऊन बघ. फक्त जाण्याआधी त्याच्याकडे दुसरा कंट्रोलर आहे का ते विचारून घे, तुझा एक्सबॉक्सचा त्याच्या मशिनला चालणार नाही. नसेल तर वेगळा विकत मिळतो. तेवढा तुझ्या पगारातून घे, आणि कुणाच्या पैशाचा ते कुणाला सांगू नकोस.

तुझा,
दादा